इंग्रजी सामासिक शब्द : आधी विग्रह, मग जोडणी

मराठीत ‘चहाचा कप’ म्हटले, तर तो भरलेला आहे की रिकामा, हे ऐकणाऱ्याला प्रसंगावरून ओळखावे लागते. इंग्रजीत मात्र ‘अ कप ऑफ टी’ म्हणजे चहाने भरलेला कप आणि ‘अ टीकप’ म्हणजे चहासाठी वापरायचा कप, मग तो फडताळात उपडा का ठेवलेला असेना. पाहुण्याला ‘वुड यू लाइक अ टीकप?’ असे विचारले, तर आपल्याला कप भेट मिळतो आहे, असा त्याचा समज होण्याचा संभव आहे. ‘बॉक्स ऑफ मॅचेस’ आणि ‘मॅचबॉक्स’ यांतही हाच भेद आहे : पहिल्यात काड्या असतात, दुसरी ही काड्यांसाठीची पेटी, ती रिकामी असली तरी नाव तेच राहते. सुटे शब्द त्या वेळच्या परिस्थितीचे वर्णन करतात आणि समास वस्तूच्या जातीला नाव देतो, एवढे लक्षात ठेवले तर इंग्रजी सामासिक शब्दांचा अर्धा प्रश्न सुटतो.

उरलेला अर्धा सोडवण्याचे साधन शाळेत समास शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसाजवळ आधीपासूनच आहे. पाश्चात्त्य भाषाभ्यासकांनी इंग्रजी समासांचे वर्गीकरण करताना ‘तत्पुरुष’, ‘द्वंद्व’ आणि ‘बहुव्रीही’ ही नावे संस्कृत व्याकरणातून जशीच्या तशी उचलली आणि ती त्यांच्या ग्रंथांत आजही रोमन लिपीत छापली जातात. आपण मात्र इंग्रजी शिकताना समास विसरतो आणि जोडून लिहायच्या व तोडून लिहायच्या शब्दांच्या याद्या पाठ करत बसतो. त्याऐवजी आधी विग्रह करावा, शब्दातील पदांचे नाते निश्चित करावे, आणि मगच तो जोडून लिहायचा, तोडून लिहायचा की मध्ये संयोगचिन्ह द्यायचे, हे ठरवावे, असा क्रम येथे सुचवला आहे. पुढील उदाहरणांत इंग्रजी शब्द देवनागरीत दिले असले, तरी मूळ लेखनात जेथे मोकळी जागा किंवा संयोगचिन्ह आहे, तेथेच ते ठेवले आहे.

शेवटच्या पदापासून वाचावे

इंग्रजी समासात सहसा सत्ता शेवटच्या पदाची असते. श्रीनगरच्या दल सरोवरात दिसते ती ‘हाउसबोट’ ही बोट आहे, कारण शेवटी ‘बोट’ आहे; ‘बोटहाउस’ ही बोटी ठेवण्याची जागा आहे. ‘रेसहॉर्स’ हा घोडा आणि ‘हॉर्स रेस’ ही शर्यत. मराठीतही ‘राजवाडा’ हा वाडाच असतो आणि ‘तोंडपाठ’मध्ये तोंडाला दुय्यम स्थान असते, तेव्हा हा नियम आपल्याला परका नाही. म्हणून अनोळखी समास समोर आला की प्रथम शेवटचे पद धरावे आणि मग त्याला ‘कशाचा, कशासाठी, कशाने, कशात, कशापासून, कशासारखा’ असे प्रश्न विचारत मागे यावे.

हे प्रश्न म्हणजे आपल्या विभक्तीच होत. एकटा ‘सन’ हा शब्द घेऊन पाहा. ‘सनराइज’ म्हणजे सूर्याचे उगवणे. येथे षष्ठी आहे. ‘सनबर्न’ म्हणजे उन्हाने करपलेली त्वचा, म्हणून तृतीया. ‘सनरूफ’ हे ऊन आत येण्यासाठी उघडणारे मोटारीचे छत, म्हणून चतुर्थी. ‘सनस्क्रीन’ हे उन्हापासून राखणारे मलम, म्हणून पंचमी. आणि ‘सनबाथ’ म्हणजे उन्हात घेतलेले स्नान, म्हणून सप्तमी. ‘सनफ्लॉवर’ या फुलाचा विग्रह ‘सूर्याचे फूल’ असा करून भागत नाही. ‘सूर्यासारखे दिसणारे फूल’ असे म्हणावे लागते, आणि मधले ‘सारखे दिसणारे’ हे शब्द समासात लोपलेले असतात. ‘पुरण घालून केलेली पोळी’ ती पुरणपोळी, हा मध्यमपदलोपी समास आपण ज्या सहजतेने सोडवतो, त्याच सहजतेने हाही सुटतो.

यातली मेख अशी, की कोणती विभक्ती लपली आहे, हे शब्दावर कोठेही लिहिलेले नसते. ‘ऑलिव्ह ऑइल’ ऑलिव्हच्या फळांतून काढतात, ‘बेबी ऑइल’ बाळाच्या अंगाला लावतात आणि ‘इंजिन ऑइल’ इंजिनात घालतात. तिन्हींची रचना एकसारखी आहे आणि नाती मात्र तीन. व्यवहाराच्या ज्ञानावर हे नाते भाषा सोपवून मोकळी होते. म्हणून स्वतः नवा समास घडवताना एक पथ्य पाळावे : नाते कायमचे किंवा नेमस्त असेल तरच समास करावा. ‘किचन टेबल’ म्हणजे स्वयंपाकघरासाठी केलेले टेबल, ते गॅलरीत नेऊन ठेवले तरी ‘किचन टेबल’च, पण बैठकीच्या खोलीतले टेबल रंगकामामुळे दोन दिवस स्वयंपाकघरात हलवले असेल, तर ते ‘द टेबल इन द किचन’. मराठीतून इंग्रजीत लिहिताना आपल्या ‘चा-ची-चे’मागे या दोनपैकी काय आहे, ते पाहण्याची सवय लावून घ्यावी. ‘टेबलाचा पाय’ हा ‘टेबल लेग’, कारण ती एक जात आहे. ‘द लेग ऑफ द टेबल’ हे चूक नसले तरी सुताराच्या तोंडी येणारे नाही. पूर्वपदी माणसे असली, तर मात्र पुष्कळदा षष्ठीचे चिन्ह समासातही टिकते : 5 सप्टेंबरचा ‘टीचर्स डे’ आणि 14 नोव्हेंबरचा ‘चिल्ड्रन्स डे’ हे दोन्ही दिवस इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी ही स्वल्पविरामासारखी खूण अक्षराच्या डोक्याशी घेऊन येतात, आणि भारतातील निम्म्या फलकांवर ती भलत्या जागी पडते. ‘टीचर्स’मध्ये शिक्षक अनेक आहेत, म्हणून खूण ‘एस’च्या नंतर, ‘चिल्ड्रन’ हे मुळातच अनेकवचन आहे, म्हणून खूण ‘एस’च्या आधी.

तीन-चार नामांची माळ आली तरी रीत तीच. ‘स्कूल बस ॲक्सिडेंट इन्क्वायरी रिपोर्ट’ असा मथळा दिसला, तर शेवटून सुरुवात करावी : अहवाल, कशाचा? चौकशीचा, कशाच्या? अपघाताच्या, कशाच्या? बसच्या; कसल्या? शाळेच्या. मराठीत हे ‘शाळेच्या बसच्या अपघाताच्या चौकशीचा अहवाल’ असे होते आणि चार वेळा ‘च्या-चा’ म्हणावे लागते. इंग्रजी ते सारे गिळून टाकते. एसटीच्या महामंडळाचे इंग्रजी नाव ‘महाराष्ट्र स्टेट रोड ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन’ हा असाच पाच पदांचा समास आहे. त्याचे ‘महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ’ असे मराठी करताना पदांचा क्रम तर तसाच ठेवलाच, पण पदे सुटी लिहिण्याची इंग्रजी रीतही उचलली. सामासिक शब्द जोडून लिहावा हा मराठीचा नियम तेथे काटेकोरपणे लावला असता, तर नाव बसच्या लांबीला पुरून उरले असते. स्वतः लिहिताना तीनपेक्षा अधिक नामे एकापुढे एक आली की मध्ये ‘ऑफ’ किंवा ‘फॉर’ घालून माळ तोडावी. सरकारी नावांना ही सवलत नसते, आपल्याला असते.

प्रधान पद बाहेर असेल तेव्हा

शेवटचे पद धरूनही अर्थ लागत नसेल, तर तो शब्द बहुधा बहुव्रीही असतो. ‘रेडहेड’ हे डोके नव्हे, तर तांबडे केस असलेली व्यक्ती. ‘पेपरबॅक’ ही पाठ नव्हे, तर जाड पुठ्ठ्याऐवजी कागदी वेष्टन असलेले पुस्तक. ज्याचा कंठ निळा तो नीलकंठ, तसे ज्याचा दात निळा तो ‘ब्लूटूथ’. हे 10व्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड याचे टोपणनाव होते आणि त्यावरून आपल्या खिशातील मोबाइलच्या बिनतारी जोडणीला नाव मिळाले. ‘बहुव्रीही’ हा शब्दही स्वतःच या प्रकारचे उदाहरण आहे, कारण त्याचा अर्थ ‘पुष्कळ भात’ असा नसून ‘ज्याच्याकडे पुष्कळ भात आहे असा’, असा होतो. या प्रकाराची आठवण ठेवावी. अनेकवचनाच्या वेळी ती पुन्हा लागणार आहे.

द्वंद्व समास इंग्रजीत आहे, पण फार आकुंचित आहे, आणि मराठी माणूस नेमका येथेच घसरतो. ‘सिंगर-सॉन्गरायटर’ म्हणजे गायक आणि गीतकार अशा दोन व्यक्ती नव्हेत. दोन्ही कामे करणारी एकच व्यक्ती. ‘बिटरस्वीट’ म्हणजे एकाच वेळी कडू आणि गोड. दोन स्वतंत्र माणसांना किंवा वस्तूंना एका शब्दात बांधणारा ‘आईवडील’, ‘मीठभाकर’ यांसारखा मोकळा द्वंद्व इंग्रजीला मानवत नाही. त्यामुळे ‘माय मदर-फादर आर कमिंग’ हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येणारे वाक्य म्हणजे मराठी समासाला चढवलेला इंग्रजी कोट होय. इंग्रजी कानाला ते एकाच व्यक्तीचे वर्णन वाटते. तेथे ‘माय पेरेंट्स’ किंवा ‘माय मदर अँड फादर’ म्हणावे. ‘दोन-तीन दिवस’ हा आपला वैकल्पिक द्वंद्वही ‘टू-थ्री डेज’ होऊन इंग्रजीत शिरतो, तेथे ‘टू ऑर थ्री डेज’ असा ‘ऑर’ उच्चारावाच लागतो. ‘कझिन ब्रदर’ची गोष्ट थोडी निराळी आहे : चुलतभाऊ आणि मामेभाऊ या शब्दांतला ‘भाऊ’ टाकणे आपल्याला जड जाते, म्हणून तो जन्मला. भारतीय इंग्रजीत तो रुळला आहे आणि घरगुती बोलण्यात त्याला हसण्याचे कारण नाही; परदेशी वाचकासाठी लिहिताना मात्र नुसते ‘कझिन’ पुरे.

अव्ययीभावाची आठवण करून देणारे शब्द थोडे आहेत आणि ते अडचणही करत नाहीत : ‘ओव्हरनाइट’, ‘इनडोअर्स’, ‘अपहिल’. शब्दयोगी अव्यय आधी, नाम नंतर, आणि सगळा शब्द क्रियाविशेषणासारखा.

क्रियापद आत आले की

‘लाकूडतोड्या’ या शब्दात कर्म आधी आणि क्रिया नंतर येते. इंग्रजीत ‘टॅक्सपेयर’, ‘बस ड्रायव्हर’, ‘डिशवॉशर’, ‘स्क्रूड्रायव्हर’ यांतही तसेच आहे, फक्त शेवटचा ‘-अर’ माणूसही दाखवतो आणि उपकरणही. बस चालवणारा माणूस असतो. ‘स्क्रूड्रायव्हर’ मात्र हत्यार. (याच घाटाचा ‘बुककीपर’ हा शब्द इंग्रजीत लिहून पाहावा, त्यात तीन जोडाक्षरे, म्हणजे एकच अक्षर दोनदा अशा तीन जोड्या, लागोपाठ येतात.) पण ‘खिसेकापू’ला इंग्रजीत ‘पिकपॉकेट’ म्हणतात आणि तेथे क्रम उलटा होतो : क्रिया आधी, कर्म नंतर. ‘स्केअरक्रो’ म्हणजे कावळा नव्हे, कावळ्यांना भिववणारे बुजगावणे. ‘किलजॉय’ म्हणजे रंगाचा भंग करणारा. पहिले पद क्रियापद आणि दुसरे त्याचे कर्म असेल, तर शेवटच्या पदापासून वाचण्याचा नियम बाजूला ठेवून बहुव्रीहीसारखा विग्रह करावा. असे शब्द मोजके आहेत आणि नवे फारसे घडत नाहीत, म्हणून स्वतः घडवायचा असेल तर ‘-अर’चाच घाट घ्यावा.

कर्त्यावरून मागे जाऊन क्रियापद बनण्याचीही चाल आहे. ‘बेबीसिटर’ हे नाम आधी आले आणि त्यातून ‘बेबीसिट’ हे क्रियापद नंतर निघाले. अशा क्रियापदाचा भूतकाळ शेवटच्या पदाप्रमाणे चालतो, म्हणून ‘बेबीसॅट’, ‘ओव्हरटेक’चा ‘ओव्हरटुक’. पण ‘साइटसीइंग’वरून ‘साइटसॉ’ कोणी म्हणत नाही. ‘वेंट साइटसीइंग’ म्हणतात.

जोडून, तोडून की चिन्ह देऊन

आतापर्यंतचा भाग मराठीने सोपा केला. येथून पुढे ती फारशी मदतीला येत नाही. मराठीत समास झाला की तो एक शब्द. इंग्रजीत ‘ब्लॅकबर्ड’ जोडून, ‘आइस क्रीम’ तोडून आणि ‘मदर-इन-लॉ’ चिन्ह देऊन लिहितात, आणि तिन्ही सारखेच पक्के समास आहेत.

साधारणपणे शब्द जसा जुना आणि रुळलेला होतो, तशी त्यातली फट बुजत जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘टु-डे’ आणि ‘टु-मॉरो’ असे चिन्ह देऊन लिहिण्याची पद्धत सर्रास होती. अमेरिकेतील असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या लेखनपुस्तिकेने ‘वेब साइट’चे ‘वेबसाइट’ 2010 साली आणि ‘ई-मेल’चे ‘ईमेल’ 2011 साली केले. शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 2007च्या आवृत्तीने तर सुमारे 16,000 संयोगचिन्हे एका फटक्यात काढून टाकली. ‘आइस-क्रीम’ फुटून दोन शब्द झाले आणि ‘बम्बल-बी’ जुळून ‘बम्बलबी’ झाली. त्यापुढची पायरी म्हणजे सांधाच ओळखू न येणे. ‘कबर्ड’ उच्चारताना त्यातला ‘कप’ आणि ‘बोर्ड’ ऐकू येत नाहीत. ‘लॉर्ड’ हा जुन्या इंग्रजीत ‘पावाचा राखणदार’ अशा अर्थाचा समास होता, आणि ‘विंडो’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतील ‘वाऱ्याचा डोळा’ या समासातून झिजून आला आहे. आपल्या ‘गवाक्ष’ या शब्दातही बैलाचा डोळा दडलेला आहे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

ही वाटचाल प्रत्येक शब्दाची आपापल्या वेगाने होते, म्हणून नुसत्या तर्काने निर्णय करू नये. एक शब्दकोश निवडावा, त्यात पाहावे, आणि एका लेखनात ‘हेल्थकेअर’ व ‘हेल्थ केअर’ अशी दोन रूपे येऊ देऊ नयेत. तरीही तीन-चार ठिकाणी कोश उघडण्याआधीच निर्णय करता येतो, आणि रोजच्या चुकाही तेथेच होतात.

पहिले ठिकाण नाम आणि क्रियापद यांचे. ‘लॉगिन’, ‘बॅकअप’, ‘सेटअप’, ‘ब्रेकडाउन’ ही नामे जोडून लिहितात, पण क्रिया सांगायची असेल तर ‘लॉग इन’, ‘बॅक अप’, ‘सेट अप’, ‘ब्रेक डाउन’ असे दोन शब्द होतात. कितीतरी संकेतस्थळांच्या बटणांवर ‘लॉगिन टू युअर अकाउंट’ असे लिहिलेले दिसते. त्याची कसोटी सोपी आहे : शब्द भूतकाळात घालून पाहावा. ‘आय लॉग्ड इन’ असे म्हणताना ‘-ड’ मध्ये शिरतो. जेथे प्रत्यय मध्ये शिरू शकतो, तेथे शब्द दोन आहेत. पदांची अदलाबदल झाली तर अर्थच पालटतो, हेही ध्यानात असावे : ‘लुक ओव्हर’ म्हणजे नजर टाकणे, ‘ओव्हरलुक’ म्हणजे नजरेतून सुटणे, ‘सेट अप’ म्हणजे उभारणे, ‘अपसेट’ म्हणजे उलथणे किंवा मन बिघडवणे. ‘एव्हरीडे’ आणि ‘एव्हरी डे’ यांचा घोळही याच घरातला : जोडून लिहिले तर ते ‘नेहमीचा, साधा’ अशा अर्थाचे विशेषण, तोडून लिहिले तर ‘दररोज’. ‘ओपन एव्हरीडे’ ही दुकानाची पाटी म्हणून चुकते. ‘एव्हरी’च्या जागी ‘ईच’ घालून वाक्य टिकले तर शब्द तोडावा.

दुसरे ठिकाण नामापूर्वीच्या विशेषणाचे, आणि येथे संयोगचिन्हाला खरे काम असते. ‘अ मॅन-ईटिंग टायगर’ म्हणजे नरभक्षक वाघ. मासा नरभक्षक असेल तर ‘अ मॅन-ईटिंग फिश’. चिन्ह गाळले तर ‘अ मॅन ईटिंग फिश’ म्हणजे मासे खात असलेला माणूस, आणि हे वर्णन कोकणात घरटी एकाला तरी लागू पडेल. ‘स्मॉल कार फॅक्टरी’ म्हणजे मोटारींचा छोटा कारखाना की छोट्या मोटारींचा कारखाना? दुसरा अर्थ हवा असेल तर ‘स्मॉल-कार फॅक्टरी’ लिहावे. नोटांचे उदाहरण तर पैशांत मोजता येते. ‘ट्वेंटी फाइव्ह-रुपी नोट्स’ म्हणजे पाच रुपयांच्या वीस नोटा, एकूण 100 रुपये. ‘ट्वेंटी-फाइव्ह रुपी नोट्स’ म्हणजे एकेका रुपयाच्या पंचवीस नोटा, एकूण 25 रुपये. दोन्ही ठिकाणी चिन्ह दिले, तर ‘ट्वेंटी-फाइव्ह-रुपी नोट्स’ म्हणजे पंचवीस रुपये किमतीच्या नोटा, ज्या आपल्या चलनातच नाहीत. आणि एकही चिन्ह दिले नाही, तर रोखपालाने कोणती थप्पी पुढे करावी, हे त्याच्या मर्जीवर.

या विशेषणांत आलेले माप नेहमी एकवचनी राहते. शाळेत असताना मीही ‘अ फाइव्ह इयर्स ओल्ड बॉय’ असे लिहून तांबडी रेघ ओढवून घेतली होती. हवे होते ते ‘अ फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय’. त्या वेळी हा नियम मनमानी वाटला, पण मराठीही असेच काही करते : चाके तीन असली तरी रिक्षाला आपण ‘तीनचाकी’ म्हणतो, ‘तीनचाके’ म्हणत नाही. 1951 साली सुरू झालेली पहिली पंचवार्षिक योजना इंग्रजीत ‘फर्स्ट फाइव्ह-इयर प्लॅन’ असते, ‘इयर्स’ नव्हे. तेच माप नामानंतर आले की समास सुटतो, चिन्हे जातात आणि अनेकवचन परत येते : ‘द बॉय इज फाइव्ह इयर्स ओल्ड’. ‘अ वेल-नोन रायटर’ आणि ‘द रायटर इज वेल नोन’ यांतही चिन्ह असेच येते आणि जाते. ‘-ली’ने संपणाऱ्या क्रियाविशेषणाला मात्र नामापूर्वीही चिन्ह लागत नाही, कारण पुढच्या शब्दाशी असलेले त्याचे नाते त्या ‘-ली’नेच दाखवलेले असते : ‘अ हायली पेड ऑफिसर’.

आणखी एक सोय सांगण्यासारखी आहे. तोडून लिहिलेल्या नामाचे क्रियापद केले, तर मध्ये चिन्ह येते. ‘एअर कंडिशनर’ हे नाम सुटे, पण खोली ‘एअर-कंडिशन’ करतात; ‘ड्राय क्लीनिंग’ सुटे, पण साडी ‘ड्राय-क्लीन’ करतात. कायद्याच्या नावांना मात्र कोणताच सामान्य नियम लावू नये. वर्तमानपत्रे ‘इन्कम टॅक्स’ असे सुटे लिहितात, पण 1961च्या अधिनियमाच्या अधिकृत नावात ‘इन्कम-टॅक्स’ असे चिन्ह आहे, आणि कायद्याचा उल्लेख करताना ते तसेच ठेवावे.

उच्चारातील खूण

बोलताना ना जागा दिसते ना चिन्ह. तेथे आघात काम करतो. समास असेल तर जोर सहसा पूर्वपदावर, सुटे विशेषण आणि नाम असतील तर उत्तरपदावर. ‘ग्रीन’वर जोर दिला तर रोपांसाठीचे काचघर, ‘हाउस’वर दिला तर हिरव्या रंगाचे घर. ‘इंग्लिश टीचर’ म्हणताना ‘इंग्लिश’वर जोर दिला, तर इंग्रजी विषय शिकवणारे गुरुजी, ‘टीचर’वर दिला, तर जातीने इंग्रज असलेला शिक्षक. ‘स्लीपिंग बॅग’मध्ये पिशवी झोपत नाही, म्हणून जोर ‘स्लीपिंग’वर, ‘स्लीपिंग बेबी’मध्ये बाळ खरोखर झोपलेले असते, म्हणून जोर ‘बेबी’वर. मराठीत जोराने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नसल्यामुळे आपण दोन्ही पदे एका सुरात म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला संदर्भ शोधावा लागतो. अपवाद आहेत आणि काही गमतीचे आहेत : लंडनच्या ‘ऑक्सफर्ड स्ट्रीट’मध्ये जोर ‘ऑक्सफर्ड’वर पडतो, पण शेवटी ‘रोड’ असेल तर तो ‘रोड’वर जातो, ‘ॲपल केक’चा ‘ॲपल’वर, तर ‘ॲपल पाय’चा ‘पाय’वर.

अनेकवचन

पूर्वपद एकवचनात ठेवावे आणि प्रत्यय उत्तरपदाला लावावा, हा मूळ नियम. दात बत्तीस असले तरी ‘टूथब्रश’च, दुकानात शेकडो जोडे असले तरी ‘शू शॉप’च. ‘स्पोर्ट्स डे’, ‘गुड्स ट्रेन’, ‘कस्टम्स ऑफिसर’ यांत पूर्वपदी ‘एस’ दिसतो, कारण तो काढला तर त्या शब्दांचा अर्थच बदलतो. ‘वुमन डॉक्टर’चे अनेकवचन ‘वुमेन डॉक्टर्स’ असे दोन्ही पदांनी होते, हा ‘मॅन’ आणि ‘वुमन’ या शब्दांपुरता अपवाद लक्षात ठेवावा.

प्रधान पद आधी आले असेल, तर प्रत्यय त्यालाच लागतो. ‘पासर-बाय’ यात जाणारा महत्त्वाचा, म्हणून ‘पासर्स-बाय’, ‘रनर-अप’चे ‘रनर्स-अप’. ‘कोर्ट मार्शल’ आणि ‘गव्हर्नर-जनरल’ यांत विशेषण नामानंतर येते, कारण 1066च्या नॉर्मन विजयानंतर कायदा आणि राज्यकारभार यांत फ्रेंच शब्दक्रम शिरला. म्हणून ‘कोर्ट्स मार्शल’ आणि ‘गव्हर्नर्स-जनरल’. ज्या समासात नामच नाही, त्याला प्रत्यय शेवटी : ‘ग्रोन-अप्स’, ‘ब्रेकडाउन्स’.

आता बहुव्रीहीचे ऋण फेडायचे. ‘लाइफ’चे अनेकवचन ‘लाइव्ह्ज’ आणि ‘लीफ’चे ‘लीव्ह्ज’ असताना, निर्जीव वस्तूंच्या चित्राला म्हणतात त्या ‘स्टिल लाइफ’चे अनेकवचन ‘स्टिल लाइफ्स’ का होते, आणि टोरंटोच्या आइस हॉकी संघाचे नाव ‘मेपल लीफ्स’ का आहे? विग्रह केला की उत्तर मिळते. ‘स्टिल लाइफ’ हा आयुष्याचा प्रकार नाही, तो चित्राचा प्रकार आहे. खेळाडू ही पाने नाहीत. प्रधान पद शब्दाबाहेर असल्यामुळे ‘लाइफ’ आणि ‘लीफ’ यांची खास रूपे समासापर्यंत पोहोचत नाहीत आणि साधा ‘एस’ लागतो.

राहता राहिली ‘इन-लॉ’ मंडळी. जाऊ, नणंद, वहिनी आणि मेहुणी या चौघी इंग्रजीत ‘सिस्टर-इन-लॉ’ या एकाच शब्दात कोंबल्या जातात, आणि त्या एकत्र आल्या की ‘सिस्टर्स-इन-लॉ’ होतात. सासरची सगळी माणसे मात्र ‘इन-लॉज’, कारण तेथे ‘इन-लॉ’ हेच नाम झालेले असते. षष्ठीचा ‘एस’ याच्या उलट, नेहमी टोकाला लागतो : एका नणंदेचे घर असेल तर ‘माय सिस्टर-इन-लॉज हाउस’. अनेक नणंदांच्या सामाईक घराबद्दल लिहायचे असेल तर नियमाने ‘माय सिस्टर्स-इन-लॉज हाउस’ असे होते आणि ते बरोबरही आहे, पण वाचणारा दोन्ही ‘एस’पाशी अडखळतो, तेथे सरळ ‘द हाउस ऑफ माय सिस्टर्स-इन-लॉ’ लिहावे.